पाच दिवसांच्या अंदाजास, मु. पो. कारधा येथून

प्रति,
माननीय पाच दिवसांचा जिल्हावार पाऊस-अंदाज,
मुक्काम : ज्याच्या त्याच्या मोबाइलात.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, कारधा गावाला आपला अतोनात अभिमान वाटतो आणि आपला उपयोग मात्र अजून सापडलेला नाही.

हे गाव भंडारा शहराच्या समोर, वैनगंगेच्या दुसऱ्या काठावर आहे. नदीची पातळी इथल्या पुलाजवळ मोजतात, म्हणून पावसाळाभर गावाचे नाव वर्तमानपत्रात छापून येते. अर्ध्या विदर्भाला कारध्याची पातळी तोंडपाठ असते. उद्या आपल्या अंगणात पाणी येणार की नाही, हे तेवढे कारधेकरांना ठाऊक नसते.

आपल्या काटेकोरपणाबद्दल गावात दुमत नाही. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार आणि 204.4 च्या वर अत्यंत मुसळधार. दिवससुद्धा आपण सकाळी साडेआठला सुरू करून दुसऱ्या दिवशी साडेआठला संपवता. रात्रभर कोसळलेला पाऊस कोणत्या तारखेचा, हा वाद मग चहाटपरीवर दुपारपर्यंत पुरतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे पंचवीस टक्क्यांपर्यंत पर्जन्यमापन केंद्रांवर. ते तुरळक ठिकाण आपले की शेजारच्याचे, हे ज्याने त्याने आपल्या नशिबावर सोडायचे. याबद्दल तक्रार नाही. आभाळ कोणाच्या बांधीत रिकामे होईल हे चार दिवस आधी कोणीच सांगू शकत नाही, एवढे धान पिकवणाऱ्याला कळते.

तक्रार आहे ती आपल्या नकाशाची. त्यावर भंडारा जिल्ह्याला एक रंग असतो : हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा लाल. जिल्ह्याची हद्द आली की रंग बदलतो. वैनगंगेने हा नकाशा पाहिलेला नाही. ती मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटमधून फिरते आणि मग महाराष्ट्रात उतरते. कारध्याचा पूर बहुतेक वेळा कारध्याच्या आभाळातून येतच नाही. तो शिवनीच्या आभाळातून निघतो आणि रस्त्यात कोणत्याही रंगाला न जुमानता इथे पोहोचतो. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारी दप्तरात अतिवृष्टी लागते. शिवनीला पडलेला पाऊस कारध्याच्या तलाठ्याने कोणत्या रकान्यात घालावा, याचेही मार्गदर्शन झाले तर बरे.

ऑगस्ट 2020 आठवतो का? कारध्याला आठवतो. कोरोनाचे दिवस, घरोघरी गणपती बसलेले, रोवणी आटोपून धान बांधीत उभे. 28 तारखेला शिवनी-छिंदवाड्याकडे पावसाने झोडपून काढले. शिवनीतल्या भीमगडच्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले. तिकडे पेंच नदीवर चौराई धरण भरले, मग तोतलाडोह, मग नवेगाव खैरी, आणि ते सगळे पाणी कन्हानमध्ये आले. ही कन्हान वैनगंगेला मिळते आंभोऱ्याला, म्हणजे भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला. तिथे कन्हान फुगली की वरून येणाऱ्या वैनगंगेला पुढे सरकायला जागा उरत नाही. त्याच्याही खाली, पवनी तालुक्यात, गोसेखुर्द धरण. त्याचे सर्व 33 दरवाजे उघडले होते, तरी 29 आणि 30 ऑगस्टला भंडारा शहराच्या वस्त्यांत आणि काठच्या गावांत पाणी चढले. मग ते ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीकडे गेले आणि लाडजसारखी गावे चहूबाजूंनी वेढली. बचावाला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आल्या. पाणी किती येणार, कधी येणार आणि कुठपर्यंत चढणार, हे वेळेवर कळले नाही, ही तक्रार भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत एकच होती.

आता जरा रागाने लिहावे लागते, क्षमा असावी. धरणातून सुटलेले पाणी काही विजेसारखे कोसळत नाही. शिवनीहून भंडाऱ्याला यायला त्याला एक-दीड दिवस लागतो. वाटेत पूल आहेत, पोलीस ठाणी आहेत, तहसील कार्यालये आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. दीड दिवसात म्हशी, तांदूळ, म्हातारी माणसे, शाळेची दप्तरे आणि गणपतीची मूर्तीसुद्धा उंचावर नेता येते. एवढी सवड निसर्गाने दिली होती. ती माणसांनी दोन राज्यांच्या कार्यालयांत फाइलीसारखी फिरवून संपवली.

आणि इथेच आपल्यावरचा राग थोडा भरकटतो. कारण आपले काम पाऊस सांगण्याचे. पातळी सांगायची केंद्रीय जल आयोगाने, विसर्ग सांगायचा धरणाच्या कार्यालयाने, गाव हलवायचे महसूल खात्याने. चौघांनी आपापले वाक्य म्हटले तरी त्यातून कारध्याला कळेल असे पाचवे वाक्य तयार होत नाही.

बरे, आपण मोठ्या पावसाची सूचना दिलीत तरी ती मानणार कोण? ऑगस्टअखेरीस प्रत्येक धरणाला काठोकाठ भरायचे असते, कारण पुढे रब्बी असते, उन्हाळ्यात शहरांचे नळ असतात. समजा, आपल्या शब्दावर अभियंत्याने चार दिवस आधी धरण थोडे रिकामे केले आणि पाऊस फिरकलाच नाही. चौकशी त्याचीच होणार, आपली नाही. त्यापेक्षा पाणी दाराशी येईपर्यंत थांबावे आणि मग सगळे दरवाजे एकदम उचलावेत; त्याला नैसर्गिक आपत्ती म्हणतात आणि तिची चौकशी होत नाही. पहिल्या दिवशी खात्रीने बोलणारे आपण पाचव्या दिवसापर्यंत ‘शक्यता’ म्हणू लागता, तो आपला प्रामाणिकपणा आहे. त्या शक्यतेवर सही करणाऱ्याला पाठीशी घालणारा लेखी नियम धरणावर असायला हवा, आणि तो करणे आपल्या हातात नाही. बिचारे आपण! आयुष्यभर खरे बोलायचे आणि फुकट शिव्या खायच्या.

सुधारणा झाल्याच नाहीत असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. त्या पुराला दोन महिने होण्याच्या आत, 23 ऑक्टोबर 2020 ला, दक्षिण आशियासाठी आकस्मिक पुराची मार्गदर्शन सेवा सुरू झाली. छोट्या पाणलोटांना सहा आणि चोवीस तास आधी धोका सांगणारी. 2023 साली जल आयोगाने ‘फ्लडवॉच’ ॲप काढले. मे 2025 मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटीत पाऊस पाहणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ आली. त्याआधीची चौकट बारा किलोमीटरची होती. चौकट लहान होत चालली आहे, याचा कारध्याला आनंदच आहे. फक्त गावाची धोक्याची पातळी 245.50 मीटर, गोसेखुर्दची पूर्ण भरल्याची पातळीही 245.50 मीटर, आणि ग्रामपंचायतीच्या ओट्याची उंची त्याहून किती वर, हे कोणत्या ॲपमध्ये पाहावे, तेवढे कळवावे.

म्हणून विनंती एवढीच. वरच्या खोऱ्यात अतिमुसळधार पावसाची शक्यता असली, तर शिवनी, छिंदवाडा, बालाघाट ही नावे भंडाऱ्याच्या अंदाजातही छापावीत. पातळीसोबत कोणाच्या दारापर्यंत पाणी येणार ते सांगावे : लहान पूल, नदीकाठची शेती, खालची वस्ती, शाळा. आणि निरोप रात्री दहाच्या आत यावा, कारण अंधारात डोंगा हाकायला ढिवरालाही भीती वाटते.

कळावे. लोभ आहेच, तो वाढवणे धरणवाल्यांवर अवलंबून.

आपला,
एक कारधेकर

ता. क. : विसर्ग क्युसेकमध्ये सांगायचा की क्युमेकमध्ये, हे दोन्ही राज्यांनी एकदा बसून ठरवावे. एका क्युमेकचे सुमारे 35 क्युसेक होतात. ‘दहा हजार सोडले’ एवढाच निरोप आला, तर निम्मे गाव म्हशी सोडायला धावते आणि निम्मे कूस बदलून झोपते, आणि खरे कोण ठरले ते सकाळी साडेआठला कळते.