क्विझबोलचं यजमानपद : सर्वज्ञांसाठी प्राथमिक सूचना

शाळेत सामान्यज्ञानाच्या परीक्षेत पेन मिळालेलं आणि आईने ते अजून शोकेसमध्ये जपून ठेवलेलं, अशा मराठी मुलामुलींनी अमेरिकेतल्या विद्यापीठात पाऊल ठेवण्याआधी हे मार्गदर्शन वाचावं. नंतर वेळ मिळणार नाही. सप्टेंबरात अशी व्यक्ती फुकटचा पिझ्झा दिसला म्हणून एका वर्गात डोकावते. तिथे क्विझबोल क्लबची बैठक चालू असते. पुढच्या हिवाळ्यात तीच व्यक्ती क्लबची अध्यक्ष असते आणि चोवीस संघांच्या स्पर्धेसाठी खोल्या मागत फिरत असते. मधे काय झालं ते कुणालाच धड सांगता येत नाही.

खेळ असा. चार-चार जणांचे दोन संघ, प्रत्येकाच्या हाताखाली बझर. वाचक वीस ‘टॉसअप’ वाचतो. ते ज्याचे त्याने सोडवायचे, शेजाऱ्याशी कुजबुज चालत नाही. बरोबर उत्तराला दहा गुण, आणि त्यावर तीन भागांचा तीस गुणांचा बोनस. बोनसला मात्र चौघांनी डोकी एकत्र करायची, म्हणजे ज्याला उत्तर माहीत आहे त्याचं बाकीच्या तिघांनी ऐकायचं नाही. प्रश्न संपायच्या आत बझर दाबून चुकलात तर उणे पाच. याला ‘नेग’ म्हणतात. काही स्पर्धांत फार लवकर दाबून बरोबर आलं तर पंधरा गुण, तो ‘पॉवर’. आपल्या कॉलेजांतल्या क्विझमधला पाउन्स नाही, बाउन्स नाही आणि प्रेक्षक तर नाहीतच. खोलीत आठ खेळाडू, एक वाचक, एक गुणलेखक, आणि शाळकरी संघ असेल तर कोपऱ्यात फोन चाळत बसलेले कुणाचे तरी बाबा. टाळ्यांची सवय असलेल्यांनी ती घरीच ठेवून यावी.

प्रश्न पिरॅमिडसारखा असतो. सर्वांत अवघड माहिती आधी, सर्वांत सोपी शेवटी. नमुना पाहा:

“या गावात बू अली शाह कलंदर यांचा दर्गा आहे. गालिबचं चरित्र लिहिणारा कवी हाली इथेच जन्मला. ‘काला आंब’ हे स्मारक याच गावाजवळ आहे. इथल्या एका लढाईत इब्राहिमखान गारदीने तोफखाना सांभाळला, तर दुसरीत हेमूच्या डोळ्यात बाण लागला. दहा गुणांसाठी, 1526, 1556 आणि 1761 साली लढाया झालेलं हरियाणातलं हे गाव कोणतं?”

आता काय होतं ते नीट पाहून ठेवा. मराठी मुलगा ‘दर्गा’ ऐकताच बझर दाबतो आणि ‘अजमेर’ म्हणतो. उणे पाच. त्याचा संघ या प्रश्नापुरता बाद, उरलेला प्रश्न समोरच्यांसाठी पुढे चालू. आयोवातली एक मुलगी ‘हाली’ ऐकल्याबरोबर शांतपणे ‘पानिपत’ म्हणते. तिने हालीची एक ओळ वाचलेली नाही, गारदी कोण ते तिला ठाऊक नाही आणि भाऊसाहेबांच्या नावाने तिच्या पोटात काही कालवत नाही. तिच्याकडे एक कार्ड आहे. एका बाजूला ‘हाली’, दुसऱ्या बाजूला ‘पानिपत’. आपल्या मुलाने त्या विषयावरची कादंबरी दोनदा वाचलेली असते, पण ती पिरॅमिडच्या तळाशी उपयोगी पडते आणि तळापर्यंत प्रश्न जातच नाही. संघाच्या दप्तरात हा सामना ‘चौथी लढाई’ म्हणून नोंदवावा.

यावरून सरावाचं धोरण ठरतं. वाचन बंद, कार्डं सुरू. वीस टॉसअपांत साहित्य, इतिहास आणि विज्ञान यांचे साधारण चार-चार, कलांचे तीन, आणि धर्म, पुराणकथा, तत्त्वज्ञान, समाजशास्त्रं यांना एकेक. उरलेल्या एकात जगाचा भूगोल, चालू घडामोडी आणि बाकीचं सगळं आयुष्य. सिनेमा, गाणी, क्रिकेट यांच्या वेगळ्या स्पर्धा असतात आणि त्यांना उघडपणे ‘ट्रॅश’ म्हणजे कचरा म्हणतात. तेव्हा राहुल द्रविडच्या सरासरीवर भिस्त ठेवून कुणी आलं असेल, तर त्याला हळुवारपणे गुणलेखकाच्या खुर्चीवर बसवावं.

पुढचं काम संघाच्या इतिहासाचं. स्पर्धेचं आमंत्रण, विद्यार्थी संघटनेकडे पैसे मागण्याचा अर्ज आणि माजी खेळाडूंना लिहायचं पत्र, तिन्ही ठिकाणी तो लागतो. मागच्या अध्यक्षाने जाताना तुमच्या हाती एक खोका दिलेला असेल. त्यात सात बटणं चालू आणि एक बंद असलेला बझरचा संच, कुणाचा तरी स्वेटर आणि साल पुसलेली एक ढाल. एवढ्या साधनांवर इतिहास लिहायचा. आपल्याकडे याहून कमी साधनांवर लिहिलेले आहेत.

सुरुवात 1953 पासून करावी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी चालणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या खेळावरून डॉन रीड यांना ‘कॉलेज बोल’ सुचला आणि त्या वर्षी ऑक्टोबरात तो एनबीसी रेडिओवर आला. पहिल्या सामन्यात नॉर्थवेस्टर्नने कोलंबियाला हरवलं. 1959 साली जनरल इलेक्ट्रिकच्या पैशावर तो टीव्हीवर गेला, ॲलन लडन सूत्रधार झाले, आणि ओळीने पाच सामने जिंकणाऱ्या संघाला अपराजित म्हणून सन्मानाने निवृत्त करायची प्रथा पडली. (चांगली प्रथा. आपल्याकडे इतर क्षेत्रांत ती अजून पोहोचलेली नाही.) 1966 मध्ये जॉर्जियातल्या ॲग्नेस स्कॉट या मुलींच्या छोट्याशा कॉलेजने अगदी शेवटच्या सेकंदाला प्रिन्स्टनला हरवलं. प्रिन्स्टनच्या संघाचा इतिहास लिहायचं तुमच्या नशिबी आलं, तर 1965 वरून 1967 वर उडी मारावी.

तुमचा संघ 1959 ते 1970 या अकरा वर्षांत कधी टीव्हीवर दिसला असेल, तर ‘गौरवशाली परंपरा’ असं लिहावं. पहिल्याच आठवड्यात हरून परत आला असेल, तर ‘राष्ट्रीय पातळीवर सहभाग’. 1970 साली कार्यक्रम बंद पडला आणि 1977 साली विद्यापीठांच्या आवारात, टीव्हीशिवाय, पुन्हा सुरू झाला. मधल्या सात वर्षांबद्दल एकच वाक्य पुरे: संघाने या काळात चिंतन केलं. पुढे प्रश्न फार आखूड आणि तेच ते येतात अशी कुरकुर वाढली आणि खेळाडूंनी स्वतःच संघटना काढल्या, 1991 मध्ये एसीएफ आणि 1996 मध्ये एनएक्यूटी. आज जे लांबलचक पिरॅमिडी प्रश्न वाचले जातात, ते या फुटीचं फळ. मतभेद झाले की नवी संस्था काढायची, हे कुठल्याही मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

भारतीय धागा जोडायचा मोह होईल. जोडावा, पण बेताने. अमेरिकेतल्या याच कार्यक्रमावरून ब्रिटनमध्ये 1962 साली ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ निघालं, त्याची भारतीय आवृत्ती सिद्धार्थ बसूंनी 2003 पासून चालवली आणि तिचं पहिलं विजेतेपद मुंबईच्या सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगने घेतलं. एवढं खरं आहे. याच्यापुढे जाऊन नालंदापर्यंत नेऊ नये. आणि धीर सुटत असेल, तर 1953 साली पहिला सामना हरलेल्या कोलंबियाने 2021 मध्ये टीव्हीवर परतलेला हा कार्यक्रम जिंकला, हे लक्षात ठेवावं. सूत्रधार होते पेटन मॅनिंग, अमेरिकन फुटबॉलचे नावाजलेले खेळाडू. आपल्या अर्जात अडुसष्ट वर्षांचा हा आकडा ‘दीर्घकालीन उद्दिष्ट’ या रकान्यात घालता येतो.

खरं काम स्पर्धा भरवण्याचं. क्लब जगतो तो माध्यमिक शाळांच्या संघांसाठी भरवलेल्या स्पर्धांच्या फीवर. हिशेब सोपा वाटतो. चोवीस संघ म्हणजे बारा खोल्या, बारा बझर, बारा वाचक, बारा गुणलेखक आणि निकाल मांडायला एक बंद खोली. क्लबमध्ये कामाची माणसं नऊ असतात. त्यांतली तिघं नीत्शेवर बोलत असतात.

फी ठरवताना सवलती ठेवाव्या लागतात. बझर आणलात तर इतके कमी, वाचक आणलात तर आणखी कमी, लांबून आलात तर त्याहून कमी. एखादा अनुभवी शिक्षक या सगळ्या सवलती अशा रीतीने एकावर एक चढवतो, की शेवटी तुम्हीच त्याला काही देणं लागता की काय अशी शंका येते. त्याच्याशी वाद घालू नये. त्याला वाचक म्हणून सर्वांत लांबच्या इमारतीत पाठवावं.

खोल्या शनिवारी सकाळी उघड्या मिळतील असं विद्यापीठाच्या कार्यालयाने लेखी कळवलेलं असतं. त्या बंद असतात. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तुमच्या संघातल्या सर्वोत्तम खेळाडूला ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्याचे सगळे परराष्ट्रमंत्री क्रमाने येतात, पण बंद दारासमोर तो दारासारखाच उभा राहतो. पाणी कुठे मिळेल, खुर्च्या कुठून आणायच्या, एक्स्टेन्शन बोर्ड कुणाकडे आहे, हे त्याच्या एकाही कार्डावर नाही. अशा वेळी कामाला येतो तो गणेशोत्सव मंडळाचा माजी कार्यकर्ता. ज्याने पावसात मंडपावर ताडपत्री बांधली आहे, महाप्रसादाला दुप्पट माणसं आल्यावर आमटीत पाणी वाढवलं आहे आणि स्पीकर बंद करायला आलेल्या हवालदाराला चहा पाजला आहे, तो दहा मिनिटांत चाव्या घेऊन येतो. चाव्या कुठून आणल्या हे त्याला विचारू नये. सामन्यात त्याचे सरासरी गुण शून्य असले तरी चालतील. अध्यक्षपदासाठी मराठी मुलाला निवडतात ते बहुधा याचसाठी, आणि त्याला मात्र वाटत राहतं की आपल्याला कालिदास येतो म्हणून.

संघ चोवीस ठेवले की सहा-सहाचे चार गट होतात, सकाळी पाच फेऱ्या आणि जेवणानंतर क्रमवारीनुसार नवे गट पाडून आणखी पाच. कागदावर हे फार देखणं दिसतं. सकाळी साडेआठला एका शाळेचा फोन येतो, त्यांची बस बंद पडलेली असते आणि संघ तेवीस होतात. आता प्रत्येक फेरीत कुणीतरी एक संघ रिकामा बसणार, आणि तो नेमका ज्या खोलीत पिझ्झा ठेवला आहे तिथेच बसणार. वेळापत्रकाचे दोन कागद आधीच छापून ठेवावेत, चोवीसचा आणि तेवीसचा. बावीसचा छापू नये, त्याने अपशकुन होतो.

वाचक निवडताना आवाज नव्हे, वेग पाहावा. वीस टॉसअप आणि त्यांचे बोनस अर्ध्या तासात संपायला हवेत. प्रश्नांत परक्या नावांचे उच्चार कंसात दिलेले असतात आणि ते कुणीही वाचत नाही. मराठी वाचक ‘गोएथे’ म्हणतो तेव्हा जर्मनची विद्यार्थिनी डोळे मिटून घेते. तासाभराने तीच ‘विश्वासराव’ वाचते आणि हिशेब मिटतो. खेळाडूंचे उच्चार चुकले तरी माफ असतात. त्यांनी हे शब्द डोळ्यांनी वाचलेले असतात, कुणाच्या तोंडून कधी ऐकलेले नसतात.

हरकतींचा भाग नाजूक. उत्तर ‘मराठा साम्राज्य’ असेल आणि खेळाडू ‘पेशवाई’ म्हणाला, तर वाचक ती हरकत कागदावर टिपून ठेवतो आणि सामन्याचा निकाल त्यावर फिरणार असेल तरच ती स्पर्धा संचालकाकडे जाते. संचालक मराठी असला, तर ही हरकत त्याच्यापर्यंत पोहोचू देऊ नये. तो 1713 साली बाळाजी विश्वनाथांना पेशवेपदाची वस्त्रं कशी मिळाली तिथून सुरुवात करतो आणि सातवी फेरी पाऊण तास उशिरा लागते. दोन्ही संघ तोवर घाबरून हरकत मागे घेतात, हा एकच फायदा.

प्रश्नांची गुप्तता कसोशीने पाळावी. तोच संच नंतर दुसऱ्या विद्यापीठांत वाचला जायचा असतो, म्हणून संच मोकळा होईपर्यंत व्हरांड्यात चर्चा नको. हा बाऊ वाटत असेल तर 2013 सालचं उदाहरण सांगावं. एनएक्यूटीने तेव्हा हार्वर्डची चार विजेतेपदं काढून घेतली, कारण त्यांच्या संघातला एक जण संस्थेसाठी प्रश्न लिहायचा आणि येऊ घातलेल्या प्रश्नांची सुरुवातीची अक्षरं दिसणारी पानं त्याने उघडली होती. टीव्ही नाही, प्रेक्षक नाहीत, रोख बक्षीस नाही, तरीही हे घडलं. त्यामुळे पासवर्ड बदलावा, आणि ‘पानिपत1761’ ठेवू नये.

बक्षीस म्हणून ढालीबरोबर पुस्तकं द्यायची चाल आहे, बहुधा जुनी. क्लबमधला जो शेवटच्या वर्षाला असतो, त्याच्या कपाटातून ती येतात. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला हेगेल मिळतो आणि तो खरोखर खूश होतो. हे पाहून कुणी गहिवरू नये, अजून खुर्च्या जागेवर लावायच्या आहेत.

निकाल आणि प्रत्येकाचे वैयक्तिक गुण त्याच रात्री जाहीर करावेत. मध्यरात्रीनंतर एका खेळाडूचं पत्र येईल की चौथ्या फेरीत त्याचा एक पॉवर दहा गुणांचा म्हणून लागला आहे आणि त्याची सरासरी 41.5 नसून 42 आहे. त्याचं बरोबर असतं. आकडा दुरुस्त करावा, त्याचे आभार मानावेत, आणि तो दोन वर्षांनी तुमच्याच विद्यापीठात आला तर पहिल्या दिवशी निकालाच्या खोलीची चावी त्याच्याकडे द्यावी.