एकेल्ससाहेब, जरा खाली बघून!

श्री. एकेल्स यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्र लिहिण्यास कारण की, तुमचा गुन्हा घडायला अजून काही वर्षं अवकाश आहे. रे ब्रॅडबरी यांनी १९५२ साली ‘कोलियर्स’मध्ये ‘अ साउंड ऑफ थंडर’ ही कथा छापून तो आगाऊच तुमच्या नावावर टाकला. घटना मात्र २०५५ सालची. म्हणजे आज तुम्ही अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत बाकाखाली पाय हलवत बसला असाल, किंवा अजून जन्मालाही आला नसाल. तरी फिर्याद आत्ताच नोंदवून ठेवतो. कालप्रवासाच्या प्रकरणात मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळला जाण्याची भीती नाही, हा एक फायदा.

तुम्ही दहा हजार डॉलर मोजून ‘टाइम सफारी’ कंपनीत नाव नोंदवलंत. सहा कोटी वर्षं मागे जायचं, टिरॅनोसॉरस रेक्स लोळवायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि घरी यायचं. कंपनीने पुन्हा पुन्हा बजावलं होतं ते हे: जमिनीपासून सहा इंच वर तरंगणाऱ्या धातूच्या पायवाटेवरून खाली पाय ठेवायचा नाही. आमच्याकडे ताडोबातही जिप्सीतून उतरायला बंदी आहे, आणि समोर वाघ दिसल्यावर तर तिची कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही. तुम्ही जनावर बघून घाबरलात आणि नेमके खालीच उतरलात. शाबास!

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. बुटाच्या चिखलात एक फुलपाखरू निघालं, हिरवं-सोनेरी-काळं, मेलेलं. इकडे परत येऊन बघता तर कंपनीच्या पाटीवरची स्पेलिंगं बदललेली आणि निवडणुकीत कीथ पडून डॉयचर नावाचा हुकूमशाही वळणाचा गृहस्थ निवडून आलेला.

साहेब, सहा कोटी वर्षांचं चक्रवाढ व्याज, आणि वसुली काय, तर पाटीवरची चार अक्षरं? तिथे पोहोचल्यावर तुमच्या सफारीचा म्होरक्या ट्रॅव्हिस याने तुम्हाला उंदराचं प्रवचन दिलं होतं. एक उंदीर मेला की त्याची पिढी बुडाली, ती खाणारे कोल्हे उपाशी, पुढे सिंह उपाशी, मग एक गुहेतला माणूस शिकारीविना मेला आणि त्याच्याबरोबर एक अख्खं राष्ट्र पुसलं गेलं. हे खरं धरलं तर तुम्हाला परत यायला काउंटरच उरायला नको होता. पण काउंटर होता. त्यामागे माणूस होता, आणि तोही आधीचाच! देश तोच, भाषा जरा लंगडत का होईना तीच, निवडणुकीला उभे राहिलेले दोघेही तेच. फिरली ती फक्त मतं. इतकं शिस्तीचं नुकसान आमच्या नगरपालिकेच्या निवडणुकीतही होत नाही.

जाता जाता आणखी एक. आजच्या मोजणीप्रमाणे टिरॅनोसॉरस संपून सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. म्हणजे तुम्ही पोहोचलात त्याच्या साठेक लाख वर्षं आधीच त्याचा निकाल लागला होता. ब्रॅडबरींना बोल लावत नाही, १९५२ साली कालमापन इतकं काटेकोर नव्हतं. तुमच्या कंपनीचं मात्र काय? तिथे तुम्हाला नेमकं कोण भेटलं, याची चौकशी करून पैसे परत मागायला काहीच हरकत नव्हती.

‘बटरफ्लाय इफेक्ट’ हे नाव तुमच्या बुटावरून पडलं, असं छातीठोक सांगणारे बरेच भेटतात. एवढाही मान तुम्हाला नाही. १९६१ च्या हिवाळ्यात एमआयटीतले हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर मांडलेलं हवामान मधूनच पुन्हा चालवून बघत होते. छापील कागदावरचा आकडा त्यांनी तसाच भरला, ०.५०६. यंत्राच्या पोटातला आकडा होता ०.५०६१२७. यंत्र सोडून ते कॉफी प्यायला गेले. तासाभराने येऊन बघतात तर जुन्या-नव्या हवामानाने फारकत घ्यायला सुरुवात केलेली, आणि यंत्रातल्या दोनेक महिन्यांनंतर तर एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच उरलेला नाही. लॉरेन्झ उदाहरण द्यायचे ते सीगल पक्ष्याचं. ब्राझीलमधलं फुलपाखरू आणि टेक्सासमधलं वादळ हे १९७२ च्या व्याख्यानाचं शीर्षक, आणि तेही फिलिप मेरिलीस यांनी परस्पर लावून दिलेलं. त्याच व्याख्यानात लॉरेन्झ यांनी एक गोष्ट स्पष्ट केली होती, जी तुमच्या कथेचे नातलग सोयीने विसरतात: पंखाच्या फडफडीने वादळ उठू शकत असेल, तर टळूही शकतं.

म्हणजे वकील बरा मिळाला तर तुम्ही सुटता. फुलपाखराच्या अंगात काही जादू नव्हती. तुमचं यंत्र जिथे उतरलं तिथली हवा बाजूला सरली. बंदुकांचे बार झाले. रंगाच्या गोळीने खूण केलेलं ते धूड, दोन मिनिटांनी झाडाची फांदी पडून मरणारच होतं म्हणून, दोन मिनिटं आधी पाडलं गेलं. लॉरेन्झ यांच्या गणितात यातली प्रत्येक गोष्ट फुलपाखराच्या तोडीची. ट्रॅव्हिसने तुम्हाला सुरी देऊन त्या मढ्यातून गोळ्या उपसायला लावल्या, कोपरापर्यंत हात रक्ताने माखले, आणि भूतकाळ कसा स्वच्छ ठेवला म्हणून कंपनी मोकळी! पायवाट हे सगळं झाकायलाच होती. ग्राहकाचा पाय घसरला की नावावर घालायला एक माणूस हाताशी असतो.

माझी खरी फिर्याद तुमच्या कथेच्या वंशजांबद्दल आहे. तुमच्यामुळे कथाकारांना कारण न देण्याची मुभा मिळाली. डास मारला आणि जग बदललं. कसं, ते विचारायचं नाही. ‘द सिम्पसन्स’ने १९९४ मध्ये होमरकडून खरोखरच डास मारवला आणि शेजारच्या फ्लँडर्सला जगाचा मालक केलं, पण त्यांनी निदान हसायला तरी लावलं. उलट टोकाला फ्रिट्झ लायबर. १९५८ च्या त्यांच्या कथेत माणूस आपल्यावर झाडली गेलेली गोळी टाळतो, तर नेमक्या त्याच जागी, कपाळात, उल्केचा तुकडा येऊन घुसतो. भूतकाळ हट्टी आहे, हलायलाच तयार नाही. मला हे जास्त पटतं. निदान खुन्नस तरी आहे त्यात.

आमच्याकडे जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ लिहिलं. तिथे फुलपाखराच्या जागी गोळी आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतच्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी कथेतल्या दुसऱ्या जगात तीळभर अंतराने कानाजवळून निघून जाते. पण म्हणून मुंबईतल्या पाट्यांचं शुद्धलेखन बिघडत नाही. फौजेचा धीर टिकतो, मराठे जिंकतात, ईस्ट इंडिया कंपनी मुंबई-कलकत्ता-मद्रासच्या आसपास अडकून पडते, पेशवे दिल्लीचा बादशहा नावापुरता ठेवतात. एकाचं बोट धरून दुसरं येतं. आगाऊपणा आमच्या प्राध्यापक गंगाधरपंतांनीही केलाच: आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसली आणि हे जाऊन बसले, वर माइक हातात. श्रोत्यांनी टोमॅटो आणि अंडी मारून हिशोब जागेवरच चुकता केला. त्यासाठी सहा कोटी वर्षं थांबावं लागलं नाही.

तेव्हा २०५५ साली करारावर सही करण्याआधी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. जिवंत परत येण्याची हमी त्यात नाही, ती फक्त डायनासोर दिसण्याची आहे. पायवाट सोडल्यास आणखी दहा हजार डॉलर दंडाचं कलम आहे, तिथे ‘बंदुकीच्या आवाजासह सर्वांस लागू’ एवढं घालून घ्या. ट्रॅव्हिस सही करणार नाही, पण त्याचं तोंड बघण्यासारखं होईल. आणि दंड भरायची वेळ आलीच तर पावती मागून घ्या. स्पेलिंगं काउंटरवरच तपासा, नंतर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कालप्रवासाच्या कथांचा एक वैतागलेला वाचक