टीपी बुकाचे सांत्वन

मा. वाहतूक परवाना पुस्तक, ऊर्फ टीपी बुक यांस,
स.न.वि.वि.

आपली बदली होऊन बरीच वर्षं झाली, तरी वनखात्यातल्या साहेबांच्या कपाटाच्या आठवणीनं आपला जीव अजून कासावीस होत असेल, म्हणून हे पत्र.

२७ एप्रिल २०११ हा आपल्या घराण्यातला काळा दिवस. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण जातीनं आले आणि आपल्याला चक्क ग्रामसभेच्या हवाली करून गेले. ज्यांचे अर्ज अडवायचे, त्यांच्याच हाती! एवढा अपमान एखाद्या शिक्क्याचाही झाला नसेल.

तोवर किती सुरेख चाललं होतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्कही मिळाला. पण १९२७ च्या वन कायद्याच्या लेखी तेव्हा बांबू म्हणजे झाड, आणि ते गावाबाहेर न्यायचं तर आपलं एक पान फाटायला हवं. बांबू गावाचा, रस्ता आपला. मालकानं माल तोडावा आणि शिवेवर त्याची राखण करत बसावं, ही युक्ती ज्याला सुचली त्याला मानलंच पाहिजे. कागद गिरण्यांना मात्र तोच बांबू वर्षानुवर्षं करारानं जात होता. (खासगीत विचारतो, आपली पानं कशाच्या लगद्याची?)

साहेबांना घोर होता जंगलाचा. लोक सगळं ओरबाडून खातील! झालं भलतंच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला, तर गावकरी बांबूचा लिलाव स्वतः करू लागले आणि तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवून मोकळे झाले. त्या तोडणीपायी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात म्हणे. नगद पैसा सोडला! असा बेजबाबदारपणा कुठल्या खात्यानं केलाय कधी? मेंढ्यात तर एकाचीही हरकत असेल तर निर्णय होत नाही. एका सहीवर वाढलेल्या आपल्यासारख्याचं तिथं कसं निभतं, देव जाणे.

२०१२ च्या सुधारित नियमांनी परवान्याचं काम सगळीकडेच ग्रामसभेच्या समितीकडे सोपवलं. पण खचू नका. नियम राजपत्रात छापला म्हणजे नाक्यावर पोचला, असं थोडंच असतं!

आपला,
एक जुना अर्जदार

ता.क. : कपाटात परतायचा विचार असेल, तर अर्ज ग्रामसभेपुढेच ठेवावा लागेल. विषय शेवटी घेतात, आणि चर्चा रात्र रात्र चालते.