वही आणि स्टूल

"काकू, आहात का? कढीपत्त्याच्या दोन काड्या द्या की."

"घे गं. काल दुपारपासून कुलूप होतं तुझ्याकडं?"

"बैठकीला गेले होते. बसगाड्या कुठून कुठं, किती वाजता असाव्यात, ते लोकांना विचारणार होते म्हणे."

"तुला बोलावलं?"

"बोलावलं कुठलं! ह्यांच्या मोबाइलवर कागद आला, म्हटलं बघू तरी. बाहेर मोटारसायकलींची ही रांग. बसनं आलेल्या दोघीच, मी आणि आळंदकडची एक अक्का. कागद सगळे कन्नडात. अक्का कन्नड फडाफडा बोलते, पण वाचता येत नाही. शाळा मराठीत झालेली."

"मग बोलली का ती?"

"कसली बोलतेय. बैठक चार वाजता सुरू झाली, सहापर्यंत साहेबांचीच भाषणं. आता लोकांनी बोला म्हणाले, तर अक्का पिशवी उचलून निघाली. वस्तीची गाडी चुकली असती तिची. गाड्यांसाठीची बैठक, आणि गाडीसाठीच उठावं लागलं!"

"पण आता बायकांना फुकट आहे ना? आणखी काय मागायचं?"

"शक्ती योजना 11 जून 2023 ला आली, चांगलंच झालं. तरी माझी नणंद उमरग्याची. तिचं आधार महाराष्ट्राचं, म्हणून आपल्या कर्नाटकच्या गाडीत तिला पूर्ण तिकीट. तिकडं त्यांच्या एसटीत 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं. एकाच घरातल्या आम्ही, पण हिशेब दोन. ते असू द्या. हे बघा, कालचं शून्य तिकीट. कुठून कुठं गेले, सगळं छापलंय. बायका कुठं जातात ते ह्या चिटोऱ्यांवरून सरकारला कळतं. पण जी चढलीच नाही, तिचं तिकीट कुठून निघणार?"

"म्हणजे कोण?"

"गर्दीत शिरता येत नाही ती. गाडीच नाही म्हणून दवाखाना पुढं ढकलते ती."

"मग मीच की गं! गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाचा गुरुवार चुकवत नव्हते. आता गाडीची पहिली पायरी गुडघ्याएवढी वाटते. रेल्वेनं जावं तर गाणगापूर रोडला उतरून गाव आणखी वीसेक किलोमीटर. घरीच आरती करते झालं."

"बघा. कागदावर तुम्ही दत्ताचं नावच सोडलंय!"

"अगं बाई, पाप लावू नको! पण आपल्याला विचारायला हवं असं कुठं लिहिलंय का?"

"आहे की. आमचे वकील भावजी सांगतात, मोटार वाहन कायदा, 1988, कलम 88. दोन राज्यांना एकमेकांत गाड्यांच्या परवान्यांचा करार करायचा असला, तर आधी राजपत्रात छापायचा, तिथल्या भाषेतल्या पेपरात द्यायचा. लोकांचं म्हणणं मागवायचं, आणि ते कुठं, किती वाजता ऐकणार तेही सांगायचं. ऐकायची तारीख राजपत्रात छापल्यापासून तीस दिवसांच्या आत धरता येत नाही."

"तिथली भाषा म्हणजे आपल्याकडं कोणती?"

"तिथंच तर पाणी मुरतं. इकडं कन्नडात देतील, तिकडं मराठीत. इकडं राहून मराठी वाचणारी अक्का मधल्यामध्ये. कायद्यात 'एक किंवा अधिक' पेपर असं आहे. दोन भाषांत दिलं तर कुणी अडवलंय?"

"राजपत्र वाचतं कोण? मी तर पेपरात शेंगा बांधते."

"म्हणून म्हणते, लोकांना बैठकीला बोलावण्यापेक्षा बैठकच स्टँडवर न्यावी. बाजाराच्या दिवशी, गाडीची वाट बघत असतात तेव्हा. आपल्या कर्नाटकात पोरांची वेगळी ग्रामसभा भरते, मक्कळ ग्रामसभा. तिथं पोरं शाळेच्या गाडीचं बेधडक बोलतात. मग बायका, म्हाताऱ्या, काठीवाले यांचं ऐकायला काय हरकत? कोण चढलं ते मशीन सांगतं. कोण खालीच राहिलं ते वहीत लिहावं लागतं."

"मग गुरुवारी जाऊ दोघी. वही मी आणते, नातवाची अर्धी कोरी पडलीय. तू स्टूल आण."

"स्टूल कशाला? तिथं बाकं आहेत बसायला."

"बसायला नव्हे गं, चढायला! लिहून झालं की मी गाणगापूरच्या गाडीत बसणार."