सुभेदारांची भिंत

आमच्या घरात ज्याच्या तब्येतीची सगळ्यात जास्त काळजी घेतली जाते तो गृहस्थ साडेपाच किलोचा आहे, मंडईमागे एका बंद पडलेल्या टेम्पोखाली जन्मलेला आहे आणि त्याचं नाव सुभेदार आहे. माझी काळजी कुणी घेत नाही असं नाही. मला ताप आला की बायको "गोळी घे आणि झोप" असं आवर्जून सांगते. सुभेदारानं सकाळचं खाणं सोडलं तर ती रजा टाकते.

वर्षाची लस द्यायला म्हणून त्याला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर मॅडमनी स्टेथोस्कोप लावला, कपाळाला आठी घातली, आणि उठून कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ सोडला. मला वाटलं हात धुताहेत. पण त्या तशाच परत आल्या, नळ चालूच.

"मॅडम, पाणी वाया जातंय," मी पुणेकराच्या कर्तव्यबुद्धीनं सांगितलं.

"घुरघुरतोय तो. पाण्याच्या आवाजानं थांबेल. त्याशिवाय हृदय ऐकू येत नाही."

मांजरं सुखानं घुरघुरतात तशी भीतीनंही घुरघुरतात, हे मला त्या दिवशी कळलं. सुभेदार थांबला. मॅडमनी बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "मर्मर आहे."

मर्मर म्हणजे रक्त वाहताना ठोक्याठोक्याच्या मध्ये येणारा जादा आवाज. तो असला म्हणजे रोग असतोच असं नाही. पुष्कळ धडधाकट मांजरांना असा आवाज येतो, कधी नुसत्या धास्तीनं. उलट हृदय खरोखर बिघडलेल्या कित्येक मांजरांची छाती ऐकायला अगदी स्वच्छ असते. म्हणजे आवाज आला तर काळजी आणि नाही आला तरी काळजी. मी विचारलं, "मग ऐकायचं कशाला?" मॅडमनी नळ बंद केला आणि इको करायची चिठ्ठी लिहिली.

इकोच्या ठिकाणी बाहेर बाकावर बसलो होतो. आतून एक मुलगा आला आणि मोठ्यानं ओरडला, "सुभेदारचे पप्पा कोण?" शेजारी एक लॅब्रेडॉरवाले निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा पिंजऱ्याकडे बघितलं. साम्य शोधत असावेत. आत अंधाऱ्या खोलीत सुभेदाराला कुशीवर झोपवलं, मी पुढचे पाय धरले, त्या मुलानं मागचे. पडद्यावर करड्या धुक्यात काहीतरी भयंकर वेगानं उघडझाप करत होतं. मांजराचं हृदय मिनिटाला दीडशे-दोनशे ठोके सहज टाकतं. माझंही त्या वेळी तेवढेच टाकत होतं, पण माझ्या छातीला जेल लावायला कुणी तयार नव्हतं.

रिपोर्ट असा: हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत ५.८ मिलिमीटर.

"सहा किंवा जास्त असेल तर आम्ही जाड म्हणतो," डॉक्टर म्हणाले. "पाचच्या आत असेल तर नॉर्मल."

"आणि मध्ये असेल तर?"

त्यांनी हात हवेत असा हलवला, की आज पाऊस येईल का विचारल्यावर शेतकऱ्यानंही तसाच हलवावा.

घरी येऊन मी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी काढली आणि सहा मिलिमीटर म्हणजे किती ते बघितलं. मग ५.८ शोधायला लागलो. चष्मा लावून, खिडकीशी जाऊन. मुलगी म्हणाली, "बाबा, पट्टीवर दिसणार नाही ते. आणि माझी पट्टी वाकवू नका."

ज्याचा संशय होता त्याचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. मांजरांमधला हृदयाचा सगळ्यात जास्त आढळणारा रोग हाच. शंभरातल्या साधारण पंधरा मांजरांमध्ये तो सापडतो, आणि त्यातली बरीचशी आयुष्यभर काही न होता म्हातारी होतात. भिंत जाड झाली की हृदय दोन ठोक्यांच्या मध्ये नीट सैलावत नाही, रक्त भरून घ्यायला कमी पडतं आणि मागच्या कप्प्यात दाब साठतो. पण भिंत दुसऱ्याही कारणांनी जाड दिसते. रक्तदाब वाढला तर, थायरॉइड वाढली तर, इतकंच काय, अंगातलं पाणी कमी झालं तरी. म्हणून आधी ती कारणं बाद करायची. सुभेदाराच्या शेपटीला पट्टा बांधून बीपी घेतलं. वरचा आकडा १५०. "दवाखान्यात आलेल्या मांजराचं एवढं असायचंच," असं म्हणून डॉक्टरांनी तो सोडून दिला. थायरॉइड ठीक. मग हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारं एक प्रथिन तपासलं. ते सरळ जास्त नाही, सरळ कमीही नाही. आमचा बोका शाळेत असता तर प्रत्येक विषयात काठावर आला असता.

मागचा कप्पाही किंचित मोठा वाटत होता. तो खरोखर मोठा झाला तर त्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती सुटून शरीराच्या मोठ्या धमनीत जिथे मागच्या पायांचे फाटे फुटतात तिथे अडकते, आणि हिंडतंफिरतं मांजर एका क्षणात मागच्या पायांनी लुळं पडतं, किंचाळतं. हे वाचल्यानंतर दोन-तीन दिवस मी विनोद वगैरे काही केला नाही. सुभेदार सोफ्यावरून उडी मारताना जरा अडखळला तरी माझ्या हातातला कप हिंदकळायचा.

सावधगिरी म्हणून डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल लिहून दिलं. हे माणसांचंच औषध. आमच्या सोसायटीत अँजिओप्लास्टी झालेले जितके आजोबा आहेत तितके ते घेतात. मी चौकातल्या केमिस्टकडे गेलो.

"पेशंटचं नाव?"

"सुभेदार."

"पूर्ण नाव सांगा."

"नुसतं सुभेदार."

"वय?"

"सहा."

त्यानं पेन थांबवलं. "साठ का?"

"नाही. सहा."

"काका, सहा वर्षांच्या पोराला रक्त पातळ करायची गोळी? कुणी लिहून दिली?" रांगेतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एकीनं "अगं बाई" म्हटलं. मी घाईघाईनं चिठ्ठी पुढे केली. त्यानं वरचा मजकूर वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याविषयीचा त्याचा आदर आणखी घसरला असं स्पष्ट दिसलं. "मांजर," त्यानं रांगेला जाहीर केलं. रांग सुस्कारली. मागचे एक आजोबा म्हणाले, "माझीच गोळी आहे ती. पण मला डॉक्टरनं अख्खी सांगितलीय." सुभेदारापेक्षा आपण वरच्या श्रेणीचे पेशंट आहोत याचं त्यांना समाधान वाटलेलं दिसलं.

सुभेदाराला पाव गोळी होती. ७५ मिलिग्रॅमची ती गुलाबी गोळी चार भागांत कापायची की प्रत्येकी पावणेएकोणीस. हे ओट्यावर सुरीनं करून बघा. दोन तुकडे होतात, थोडी भुकटी होते आणि चौथा भाग फ्रिजखाली जातो. शिवाय ती इतकी कडू, की जिभेला लागली रे लागली की मांजराच्या तोंडातून फेसाच्या तारा लोंबायला लागतात. मी पहिल्यांदा तो फेस बघितला तेव्हा इमर्जन्सी नंबर लावला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, गोळी दिलीत का आत्ता?"

आईचं मत होतं, "पेढ्यात घालून दे, पोरांना देतो तसं." पण मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही, गोडाची चव ओळखणारी यंत्रणा मांजराच्या कुळात मुळातच निकामी आहे. कडू मात्र उत्तम कळतं. मग सुकट, बांगडा, चिकनचा चुरा असं सगळं करून झालं. सुभेदार भोवतीचं सगळं चाटूनपुसून खायचा आणि पाव गोळी ताटलीच्या मधोमध कोरडी करून ठेवायचा. शेवटी रिकाम्या कॅप्सुलीत तुकडा घालून, जबडा उघडून, जिभेच्या मुळाशी ठेवायचा आणि मागोमाग सिरिंजनं थोडं पाणी सोडायचं, म्हणजे घशात अडकत नाही, हा उपाय चालला. चालला म्हणजे बायकोला जमला. मी टॉवेल धरायचो. माझ्या मनगटावरच्या ओरखड्यांबद्दल ऑफिसात कुजबुज झाली आणि एका सहकाऱ्यानं मला बाजूला घेऊन "घरी सगळं ठीक ना?" असं विचारलं.

आणखी एक काम होतं, ते मला दिलं होतं. झोपलेल्या मांजराचे श्वास मोजायचे. छाती वर गेली, खाली आली, की एक. मिनिटाला तीसच्या आत असले म्हणजे निश्चिंत. सतत वर जायला लागले तर फुप्फुसात किंवा भोवती पाणी साठत असण्याची शक्यता. हृदय बिघडलं म्हणून मांजर सहसा खोकत नाही, त्यामुळे श्वास हीच खूण. उपाय फुकटचा आणि उत्तम आहे, यात शंका नाही. पण सुभेदार झोपेत स्वप्नं बघतो. मिशा थरथरतात, पंजे चालतात, श्वास वाटेल तसा पळतो; तो मोजायचा नसतो. घुरघुरत असेल तर मोजायचा नसतो. आणि गाढ झोपला म्हणून मी मोबाइलचा टॉर्च घेऊन वाकलो की तो एक डोळा उघडून माझ्याकडे बघतो आणि जाऊन कपाटावर बसतो.

एकदा रात्री चांगला सापडला. मी गालिच्यावर आडवा होऊन मोजायला लागलो. एवढ्यात बायको दारात आली. "आधी तू श्वास घे," ती म्हणाली. मोजताना मी स्वतःचा रोखून धरतो हे तिनंच मला सांगितलं. सुभेदाराचे बावीस भरले. मग तिनं गंमत म्हणून माझे मोजले. ते किती भरले हे लेखात सांगायचं नाही असं आमचं ठरलंय.

दिवसा मी वाचन करायचो. २००५ साली मेन कून जातीच्या मांजरांत या रोगाचं जनुक सापडलं, हे वाचून मी सुभेदाराची शेपटी झुपकेदार आहे का ते तपासलं. एकदा आई म्हणाली, आमच्या वेळी मांजरं दूधपोळीवर जगायची, हृदयबिदय काही नसायचं. मी तिला सांगितलं, की मांस-मासळीत मिळणारं टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय पातळ आणि ढिलं पडतं, हे १९८७ साली अमेरिकेत पॉल पियन यांनी दाखवून दिलंय. तुमची मांजरं घरी दूधपोळी खायची आणि बाहेर उंदरांवर जगायची. "आमच्या घरी उंदीर नव्हते," आई ताठ होऊन म्हणाली. पुढचे चार दिवस माझ्या ताटात दूधपोळी येत होती.

मग दुसरं मत घ्यायचं ठरलं. मुंबईहून अधूनमधून येणाऱ्या हृदयाच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. या वेळी घाबरू नये म्हणून घरूनच गॅबापेंटिनची कॅप्सूल देऊन नेलं. सुभेदार तिरका तिरका चालत पिंजऱ्यात स्वतःहून शिरला आणि रिक्षात माझ्या मांडीवर जीभ बाहेर काढून बसला. बाईंनी निवांत मोजलं. वेगवेगळ्या जागी, पुन्हा पुन्हा. भिंत ५.४. मागचा कप्पा त्यांच्या मते नॉर्मल.

"म्हणजे रोग नाही?" मी.

"असं नाही म्हणता येणार."

"म्हणजे आहे?"

"असंही नाही. गोळी बंद करा. श्वास मोजत राहा. सहा महिन्यांनी परत बघू."

पैसे मोजताना माझ्या लक्षात आलं, की एवढ्या सगळ्या खटाटोपातून माझ्या हाती आलेली वाढ म्हणजे उणे ०.४ मिलिमीटर. तरी मी पेढे आणले. सुभेदाराला त्यांचा काही उपयोग नव्हता हे आधीच सिद्ध झालं होतं, म्हणून सोसायटीत वाटले.

तेव्हापासून सोसायटीत माझी हृदयातला जाणकार म्हणून थोडी ख्याती झाली आहे. मीही ती नाकारली नाही. डाव्या कप्प्याबद्दल लिफ्टमध्ये बोलायला कुणाला आवडत नाही? परवा वरच्या मजल्यावरचे अण्णा हसतमुखानं आले. बरोबर काकू. वार्षिक तपासणीत अण्णांचा इको झाला होता, रिपोर्ट हातात होता.

"बघा हो जरा. डॉक्टर म्हणाले सगळं उत्तम आहे."

मी चष्मा लावला, सराईतपणे कप्पे ओलांडत थेट आकड्यांच्या तक्त्यावर गेलो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो अण्णा, भिंत दहा मिलिमीटर?"

अण्णा सोफ्यावर बसले. सुभेदार तिथेच झोपला होता, तो वैतागून उठला. माणसाला दहा मिलिमीटर हे अगदी व्यवस्थित असतं, हे बायकोनं आतून पाणी आणेपर्यंत माझ्या ध्यानात आलं होतं, पण काकू माझं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्यांनी अण्णांच्या शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि मला म्हणाल्या, "उभे काय राहिलात? ते श्वास मोजायचं तुम्हाला येतं ना, मोजा!"