उतारवयात वजन उतरवणे

साठीनंतर वजन उतरवले की पोट आत जाते आणि पोटाबरोबर गालही आत जातात. पोट जावे म्हणून माणसाने महिनोन् महिने जिवाचे हाल केलेले असतात. गालांना जा असे कोणी म्हटलेले नसते. पण चरबी उतरते ती सगळ्या अंगाची, आणि आधी कुठली उतरावी हे ठरवण्याचा अधिकार माणसाच्या हाती नाही. त्यामुळे तपासणीच्या कागदावर तरुण झालेला गृहस्थ आरशात थेट आपल्या वडिलांसारखा दिसू लागतो. कॅथरिन दनव या फ्रेंच अभिनेत्रीच्या नावावर एक वचन खपवले जाते. त्याचा आशय असा, की ठरावीक वयानंतर चेहरा आणि बैठक यांतले एकच सांभाळता येते. निवड ज्याची त्याने करायची, असे त्यात गृहीत आहे. मावळात तसे नसते. तिथे निवडीत गावाचाही वाटा असतो.

पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्या मधले कान्हे हे गाव या विषयाच्या अभ्यासाला सोयीचे आहे. पहिली सोय भाताची. शेजारच्या वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी हे वाण काढले आणि १९८७ मध्ये ते शेतकऱ्यांच्या हाती दिले. हा भात वासाचा, मऊ आणि चिकट. पातळ आमटीबरोबर तो किती खाल्ला याचा हिशेब राहत नाही, आणि राहिला तरी कोणी सांगत नाही. पूर्वी हाच भात खाऊन माणसे चिखलणी, लावणी आणि झोडणी करत, म्हणजे खाल्लेला भात पुढचा भात पिकवण्यात खर्ची पडे. पुढे चिखलणीला ट्रॅक्टर आला, आसपास कारखाने आले, काही जमिनी विकल्या गेल्या, दारात आधी दुचाकी आणि मग चारचाकी उभी राहिली. भाताचे ताट तेवढेच राहिले.

त्यात भारतीय शरीराची एक खोड आहे, आणि ती पुण्याच्याच डॉक्टरांनी जगापुढे मांडली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्याकडे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्याकडे २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आतून चरबी बाळगून असतो, हे दोन प्राध्यापकांनी स्वतःच्या अंगावर सिद्ध करून दाखवले. म्हणूनच भारतीयांसाठी जाडीची रेघ २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर ओढलेली आहे. या रेघेने पाहिले तर एखाद्या लग्नाच्या पंगतीत निर्दोष सुटणारे फार थोडे, आणि ते बहुधा वाढपी.

वजन उतरवण्याचे मार्ग गावात अनेक आहेत. सर्वांत जुना एकादशीचा. देहू जवळ, घरोघरी वारकरी, तेव्हा महिन्याला दोन उपास ठरलेलेच. पण ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीच्या अनुभवातून आलेली असल्यामुळे या मार्गाने कोणाचे वजन उतरल्याची नोंद नाही. दुसरा मार्ग लोणावळ्याच्या कैवल्यधामाचा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ही संस्था काढली आणि योगाला प्रयोगशाळेत नेले. परदेशातून लोक तिथे येऊन राहतात. काही लोकल स्थानकांच्या अंतरावरचा माणूस मात्र तिथे एकदा जाऊन यायचे असे बरीच वर्षे ठरवत असतो.

तिसरा मार्ग सर्वांत गाजला. २०१८ च्या आसपास महाराष्ट्रातल्या घराघरांत दोन तट पडले. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली, लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पसरवलेली पद्धत सांगे की दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे सांगणे थोडे थोडे, पण दर दोन-तीन तासांनी खाण्याचे. एका घरात सासरे दीक्षितांचे आणि सून दिवेकरांची असली की स्वयंपाकघर दिवसभर उघडे राही. दीक्षित पंथाला गावात माणसे जास्त मिळाली, कारण दोनदा जेवून शेतावर जाणे ही आजोबांचीच रीत होती. ५५ मिनिटांचा तेवढा शोध नवा. वाटेतला खरा अडथळा चहा. मावळात कोणाच्याही घरी दोन मिनिटे टेकले तरी चहा येतो, आणि तो नाकारणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो.

पहिला प्रश्न असा: “काय ओ नाना, शुगर निघाली काय?”

हा प्रश्न कान्हे फाट्यावर, स्थानकावर, दशक्रियेला, कुठेही विचारला जातो, आणि मोठ्याने. त्यापाठोपाठ घरात काही वाद चालू आहे का, पोरगा नीट बघतो का आणि सूनबाई जेवायला घालतात का, हे येते. शेवटचा प्रश्न सूनबाईंच्या देखत विचारण्याची प्रथा आहे. बायकांत सुरुवात “अगं बाई आक्का, किती वाळलीस!” अशी होते आणि ओळखीतल्या एखादीचे असेच सुरू झाले होते आणि पुढे काय झाले, या हकिगतीवर जाऊन थांबते. “मुद्दाम कमी केलंय” हे उत्तर खरे असूनही चालत नाही. ऐकणारा हळहळून मान हलवतो, कारण आजार लपवणारा नेमके हेच सांगतो. पुण्यात याच्या उलट. तिथे ओळखीचे लोक अभिनंदन करतात आणि डाएटचा तक्ता मागून घेतात. एकच गृहस्थ सकाळच्या लोकलने शिवाजीनगरला उतरला की तंदुरुस्त असतो आणि संध्याकाळी कान्ह्याला उतरला की आजारी.

गावाचा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून सोडून देणे घाईचे होईल. सहा महिने ते वर्षभरात प्रयत्न न करता पाच टक्क्यांहून अधिक वजन गेले तर डॉक्टरही काळजीत पडतात आणि मधुमेह, क्षय, थायरॉइड, कर्करोग असे सगळे तपासायला सांगतात. ज्या पिढीने वजन कमी होताना पाहिले ते क्षयाने किंवा दुष्काळाने, तिला मुद्दाम कमी केलेले वजन दिसूनही पटत नाही. गावकीची चौकशी म्हणजे फी न घेता केलेली तपासणीच; फक्त अहवाल रुग्णाआधी बाकीच्यांना मिळतो.

चेहरा म्हातारा का दिसतो याची कारणे एकापेक्षा जास्त आहेत आणि सगळ्यांचा दोष वजनावर टाकणे न्यायाचे नाही. गालांत, कानशिलांजवळ आणि डोळ्यांखाली चरबीचे वेगवेगळे कप्पे असतात. वयाबरोबर त्यांतले खोलवरचे कप्पे आपोआप रिते होऊ लागतात. कातडीतले कोलॅजन कमी होत जाते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बायकांमध्ये ही घट जोरात होते. विशीतली कातडी आतला ऐवज कमी झाला की आकसून घेते, साठीतली तशीच राहते. गादीतला कापूस काढून खोळ तीच ठेवली तर जे दिसते, ते हनुवटीखाली दिसते. त्याखाली हाडेही झिजतात: डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात आणि जबडा आखूड होतो. जन्मभर उन्हात शेती केलेल्याच्या कपाळावर आणि मानेवर उन्हाने आपली नोंद आधीच केलेली असते.

दातांकडे मात्र कोणी पाहत नाही, आणि निम्मा घोटाळा तिथे असतो. दाढा पडल्या की त्यांना धरून ठेवणारे हाड विरघळू लागते आणि गालांचा आतला आधार जातो. मिश्री आणि तंबाखू हिरड्यांची वाट लावून हे काम लवकर उरकतात. कवळी करून डब्यात ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती फक्त लग्नाला आणि मटणाला बाहेर येते. अशा चेहऱ्यावरची पाच किलोंची घटही वीस किलोंची वाटते.

बैलाच्या बाबतीत असा घोटाळा होत नाही. मावळात बैलगाडा शर्यतीचा नाद जुना. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर तो पुन्हा राजरोस सुरू झाला. बैलाचे वय दात पाहून ठरते: आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. शर्यतीसाठी हलका केलेल्या बैलाला म्हातारा झालास असे म्हणण्याची कोणाची छाती नाही. त्याच्या मालकाला मात्र शर्यतीच्या त्याच घाटात तसे ऐकावे लागते.

चेहरा आणि वजन यांच्या नात्याचा सर्वांत मजेदार पुरावा अमेरिकेतून आला. ओहायो राज्यात ट्विन्सबर्ग या गावी दरवर्षी जुळ्यांची जत्रा भरते. तिथल्या १८६ एकसारख्या जुळ्या जोड्यांचे फोटो घेऊन क्लीव्हलंडचे प्लास्टिक सर्जन बहमन गयुरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते परक्यांना दाखवले आणि वय ओळखायला सांगितले. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळिशीच्या आतल्या जोड्यांत जाड भावंड वयस्क वाटले. चाळिशीनंतर उलट, जाड भावंड तरुण वाटले. त्याच अभ्यासात घटस्फोट झालेली भावंडेही अधिक वयाची वाटली. म्हणजे आहारावरून घरात रोज खटके उडत असतील तर चेहऱ्याचे नुकसान दोन बाजूंनी होण्याची भीती आहे. या निकालाने गुटगुटीत मंडळींना आनंद व्हायला हरकत नाही. पण परीक्षकांना फक्त फोटो दाखवले होते. त्या जोड्यांना कार्ल्याच्या एकवीरेच्या पायऱ्या चढायला लावल्या नव्हत्या.

तिथे हिशेब फिरतो. गुडघ्याच्या सांधेदुखीवरच्या २००५ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले, की एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. गडावर किंवा देवीला जाताना पावले हजारांत मोजावी लागतात. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अमेरिकी अभ्यास तर म्हाताऱ्यांच्या बाजूचा आहे. वजन सात टक्क्यांनी उतरवायचे आणि नियमित चालायचे, एवढाच त्यात नेम होता. मधुमेह होण्याचे प्रमाण एकूण ५८ टक्क्यांनी घटले, साठीच्या पुढच्यांत ७१ टक्क्यांनी.

ऐंशी किलोंच्या माणसाचे सात टक्के म्हणजे साडेपाच-सहा किलो. दाढा शाबूत असतील तर एवढ्याने गाल सहसा बसत नाहीत आणि फाट्यावर चौकशीही होत नाही. गालफडे बसतात ती पुढच्या दहा-पंधरा किलोंनी. ते किलो बऱ्याचदा डॉक्टरांनी सांगितलेले नसतात; लग्नातला कोट पुन्हा अंगात यावा म्हणून घालवलेले असतात, आणि त्या कोटाची फॅशन गेलेली असते.

भराभर उतरवण्यात आणखी एक तोटा आहे. गेलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसून स्नायूंचा असतो. म्हातारपणी वजन परत आले तर मुख्यतः चरबी परत येते, स्नायू तिकडेच राहतात. म्हणून भात कमी करताना मटकी, हरभरा, अंडी, दूध वाढवावे आणि चालण्याच्या जोडीला वजन उचलावे, असे सांगितले जाते. दुसरा भाग कान्ह्यात सांगणे अवघड जाते. जन्मभर भाताची पोती वाहिलेल्या माणसाला साठीत डंबेल विकत आणून तो खालीवर करायला सांगितले, की त्याला आपली थट्टा चालली आहे असे वाटते.

वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांनी हा विषय ताजा केला आहे. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये भारतात अधिकृतपणे विक्रीला आले. या औषधांनी झपाट्याने उतरलेल्या चेहऱ्याला अमेरिकेत, सेमाग्लुटाइडच्या एका व्यापारी नावावरून, ‘ओझेम्पिक फेस’ असे नावही पडले. वास्तविक त्यात औषधाचा वेगळा चमत्कार नाही, घट जलद झाली की चेहरा असाच होतो. ग्रामीण रुग्णाचा सुईवर मोठा विश्वास. डॉक्टरने सुई दिली नाही तर फी वाया गेल्यासारखी वाटते. पण सुई घेतल्यावर माणूस पहिल्यापेक्षा आजारी दिसू लागतो, हा अनुभव त्याला नवीन आहे.

चेहऱ्यावरचे इलाज दोन प्रकारचे. शहरी इलाजात त्वचेखाली हायलुरॉनिक आम्लाचे फिलर भरतात. काही महिन्यांत ते विरते आणि पुन्हा भरावे लागते. गावठी इलाज टिकाऊ आहेत. पुरुष दाढी वाढवतात आणि ऐन उन्हाळ्यातही मफलर गुंडाळतात, बायका पदर मानेवरून घेतात. सगळ्यांत प्रभावी इलाज फ्लेक्सवाल्याकडे मिळतो. कान्हे फाट्यासारख्या ठिकाणी वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की तो शेकडो लोक बघतात, आणि संगणकावर गाल भरून देणे, सुरकुत्या पुसणे, मिशा काळ्या करणे हे छपाईच्या दरातच बसते. फोटो वजन उतरवण्याआधीचा द्यावा. बहुतेक फ्लेक्सवर तो दहा-बारा वर्षांपूर्वीचा असतोच, त्यामुळे नवीन शोधावा लागत नाही.