रायपूर शाखेचे पत्र

तीर्थरूप थोरल्या काकांस रायपूर शाखेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

काकांनी फोनवर दोन शंका काढल्या. रायपुरात चांगले तांदूळ मिळतात का, ही पहिली; आणि एवढ्या लांब परमुलखात मंडळी कशाला राहतात, ही दुसरी. पहिली शंका छत्तीसगडात मोठ्याने विचारू नये. या मुलखाला धानाचा कटोरा म्हणतात. दुसरीचे उत्तर फोनवर मावेना, म्हणून हे पत्र. मजकुरावर घरात एकमत होईना, तेव्हा ते कोणा एकाच्या नावाने न धाडता शाखेच्या नावाने धाडले आहे.

मराठी माणूस या मुलखात आला तो जाता जाता. 1741 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर पूर्वेकडच्या स्वारीवर निघाले आणि वाटेत रतनपूरचे हैहयवंशी राज्य घेऊन पुढे गेले. मुक्काम केला तो बिंबाजी भोसल्यांनी, 1758 पासून 1787 पर्यंत. मराठी आणि मोडी इथल्या दप्तरात आली ती त्यांच्या काळात. दसऱ्याला सोने देण्याची इथली चालही त्यांचीच, असे सांगतात. त्यांच्यामागून व्यंकोजी भोसल्यांनी नागपुरात बसून सुभेदारांकरवी छत्तीसगड चालवले. घरबसल्या नोकरी करणाऱ्या काकांच्या नातवाने याची नोंद घ्यावी. 1818 नंतर इंग्रजांच्या ॲग्न्यू साहेबाने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले, आणि शहराचे दिवस पालटले.

शाखेचे मूळ पुरुष मात्र घोड्यावरून आले नाहीत. ते बदलीच्या हुकमाने आले. मध्यप्रांताची राजधानी नागपूर आणि रायपूर त्याच प्रांतातले. त्यामुळे कारकून, मास्तर, वकील सगळे एकाच सरकारच्या अंगणात फिरत होते. मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले, राजधानी भोपाळला. शाखा जागची इंचभरही हलली नव्हती. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड झाले आणि राजधानीच शाखेच्या दाराशी आली. इतके कष्ट घेऊन राजधानीने आपण होऊन यावे, हे भाग्य काकांच्या पुण्याच्या वाट्याला आलेले नाही, एवढे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

इथल्या मराठी माणसाने मराठीसाठी काय केले, असे काका विचारतीलच. खरे सांगायचे तर हिंदीसाठी जास्त केले. माधवराव सप्रे दमोहकडच्या पथरियात 1871 मध्ये जन्मले. पेंड्र्याला राजकुमाराची शिकवणी करत असताना त्यांनी जानेवारी 1900 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. सोबतीला रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे. म्हणजे हिंदी मासिक आणि तिन्ही कर्ते मराठी! मासिक तीन वर्षांत बंद पडले. मराठी परंपरेला धरूनच झाले म्हणायचे. पण त्यात 1901 मध्ये आलेली सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ हिंदीतल्या पहिल्या कथांत मोजली जाते. टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेले तेही त्यांनीच. रायपुरात आज सप्र्यांच्या नावाची शाळा आहे, आणि लाखेनगरला जायचे म्हटले की रिक्षावाला पत्ता विचारत नाही.

मंडळाशिवाय मराठी माणूस परगावी टिकत नाही. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ 1935 चे; चौबे कॉलनीत त्याची वास्तू आहे. मंडळाच्या शाळेला नाव संत ज्ञानेश्वरांचे, वर्गातली भाषा मात्र हिंदी-इंग्रजी. शाखेला यात काही गैर वाटत नाही. ज्ञानेश्वरांनीही लोकांना कळेल त्याच भाषेत सांगितले होते.

खरी गंमत भाद्रपदात. हरतालिकेलाच इथे तीजा म्हणतात. छत्तीसगडी लेकी त्यासाठी माहेरी जातात, आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खाऊन दुसऱ्या दिवशी निर्जळी करतात. शाखेकडे कामाला येणाऱ्या बाईही जातात, आणि जायलाच हव्यात. पण तीजानंतर दुसऱ्याच दिवशी गणपती! म्हणजे शाखेच्या सुना हरतालिकेचा उपास धरून भांडी घासतात, आणि मागोमाग मोदकांच्या पिठीची उकड काढायला बसतात. पंचांगाने असा पेच घातला आहे की कुणाला दोष द्यावा कळत नाही. आरतीला शेजारचे छत्तीसगडी कुटुंब येते, त्यांना ‘सुखकर्ता दुखहर्ता’ शाखेच्या मुलांपेक्षा स्वच्छ येते. मोदक दुबराज तांदळाच्या पिठीचे असतात. आंबेमोहराची आठवण आजेसासूबाईंनी पहिली काही वर्षे काढली, नंतर सोडली. बाई परतताना माहेरची ठेठरी आणि खुरमी आणतात. एक बेसनाची खारी, एक गुळाची गोड. त्यांच्या डब्यावर मुलांची जी झडप पडते, ती पाहता चकलीने चिंता करावी.

पोळ्याचेही तसेच. इथे मुलांना मातीचा बैल मिळतो आणि मुलींना मातीची चूल, जाते नि भांडी. यंदा शाखेतल्या धाकटीने भांडी नाकारून बैलच मागितला, मिळवला, आणि दुपारपर्यंत त्याचे एक शिंग मोडले.

काकांनी गणपतीला यावे. आझाद हिंद एक्स्प्रेस पुण्याहून थेट रायपूरला येते. येताना तांदूळ बिलकूल आणू नयेत. काकूंना मात्र जरूर आणावे, उकड काढायला हात कमी पडतात.

कळावे, लोभ असावा.
रायपूर शाखा